चौकट : गाळतळे कागदावर कसे तपासतात?

चंद्रपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खुल्या कोळसा खाणींशेजारी मातीचे डोंगर उभे आहेत. पावसात त्यांची माती इरई आणि वर्धा नद्यांकडे धावते. मधला अडसर म्हणजे ढिगाऱ्याभोवतीचा चर आणि त्याच्या टोकाचे गाळतळे.

पर्यावरण मंजुरीच्या नेहमीच्या अटींनुसार या तळ्याची क्षमता अचानक आलेल्या कमाल पावसाच्या पाण्याहून 50 टक्के जास्त हवी, गाळ बसण्याइतका वेळ पाणी थांबायला हवे आणि चर नियमित उपसायला हवेत. कोळसा खाणींसाठी 2000 साली आलेल्या मानकांनुसार बाहेर सोडलेल्या पाण्यात तरंगते घनकण लिटरमागे 100 मिलिग्रॅमहून अधिक नसावेत. तपासणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

खरी अडचण मातीत आहे. 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटे घेतो, 0.002 मिलिमीटरचा चिकणमातीचा कण सुमारे तीन दिवस! वर्धेच्या खोऱ्यातली काळी माती अशाच बारीक कणांची. म्हणून आराखड्यात तळ्याच्या खोलीआधी पृष्ठभाग किती पसरट आहे आणि आत येणारे पाणी थेट सांडव्याकडे तर पळत नाही ना, हे पाहिले पाहिजे. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीला तर डोंगरउतार आहे. तिथे पाण्याचा वेग आधी मोडावा लागतो.

गावकऱ्यांनी विचारावा असा प्रश्न एकच : मृगाआधी तळे उपसले का? गाळाने अर्धे भरलेल्या तळ्यात मंजूर आराखड्यातली क्षमता उरलेलीच नसते.