अंगणातलं निंदण

बालमित्रांनो, आपल्या इतवारीत घराला घर लागलेलं. कुणाच्या मागच्या अंगणात एका खोलीएवढी हिरवळ असली, तरी तिचं केवढं कौतुक! पण पाऊस सुरू झाला की तिथे न बोलावलेले पाहुणे हजर होतात. गाजर गवत, नागरमोथा, आघाडा! मग घरात कुणीतरी म्हणतं, "तणनाशक आणा अन् फवारून टाका!"

थांबा. आधी हे औषध करतं काय, ते पाहू या.

शेतकरी ज्या हरळीला तण म्हणून उपटून फेकतो, तीच आपण अंगणात हौसेनं लावतो. म्हणजे नको तिथे उगवलं, ते तण! ग्लायफोसेट नावाच्या औषधाला हा फरक कळत नाही. ते पानांतून मुळांपर्यंत उतरतं आणि तणाबरोबर हरळीही मरते. २,४-डी हे औषध रुंद पानांचं तण मारतं, गवताला सहसा सोडून देतं. पण वाऱ्यानं त्याचे तुषार शेजारच्या गुलाबावर गेले, तर त्याची पानं वेडीवाकडी होतात. आणि इतवारीत शेजारची कुंडी हाताच्या अंतरावर!

माणसांचं काय? २०१७ साली आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध वेगळं होतं, पण धडा तोच. फवारायचं औषध जपूनच हाताळायचं.

औषधाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल, तर औषध सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे! आणि आईबाबांनो, उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. तहानलेलं मूल बाटली पाहतं, आत काय आहे ते पाहत नाही.

मग करायचं काय? निंदण! पावसानंतर माती मऊ असते, तेव्हा तण मुळासकट उपटा. गाजर गवताला फुलं येण्याआधीच काढा, कारण एका झाडाला हजारो बिया धरतात. त्यानं अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. नागरमोथ्याची जमिनीतली गाठ खुरप्यानं खणून काढा, नाहीतर तो पुन्हा डोकं वर काढतो.

हिरवळ दाट असली की तणाला जागाच उरत नाही. त्यासाठी शेणखत उत्तम. युरिया द्यायचा तर मोठ्यांच्या हातानं, आणि १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम पुरे. त्यात ४६ ग्रॅम नायट्रोजन असतो. जास्त झाला तर मुळांना पाणी ओढता येत नाही आणि गवत करपतं. पानं कोरडी असताना तो सारखा पसरा आणि लगेच भरपूर पाणी द्या. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात मात्र नकोच!

आता एक गणित. अंगण ८ फूट लांब, ५ फूट रुंद. युरिया किती ग्रॅम लागेल? उत्तर ४० आलं ना? शाबास! आता टेप घ्या आणि आपलं अंगण मोजा.