वृद्धांचा अंगठा आणि हरकतीची मुदत

आमची उभी हयात कचेरीतील दप्तर सांभाळण्यात गेली. फेरफार, जबाब व हरकतींचे अर्ज यांच्या ढिगाऱ्यात बसून पुष्कळ पाहिले. त्यांतील एक प्रकरण गतसाली निवृत्त झाल्यावरही मनातून जात नाही. ते शेतकरी बंधूंपुढे मांडीत आहोत.

एके दुपारी सत्तरी उलटलेल्या एक विधवा बाई आमच्या टेबलापाशी आल्या. विकास सोसायटीने कर्जाच्या नव्या-जुन्यासाठी सातबारा मागितला होता. तो काढला तर सामाईक खात्यावर बाईंचे नावच नव्हते. संगणकाची चूक झाली असावी, असा त्यांचा समज. आम्ही फेरफार काढून पाहिला. रीतसर नोंदणी झालेले हक्कसोडपत्र. अंगठा बाईंचा, छायाचित्र बाईंचे, साक्षीदार गावचेच. "पुतण्यानं निराधाराच्या पगारासाठी तालुक्याला नेलं होतं, भाऊसाहेब. फोटो काढला, अंगठा घेतला, चहा पाजला," बाई म्हणाल्या. नोटिशीबद्दल विचारता, कागद आला होता, पण तोही पुतण्यानेच वाचून दाखविला आणि पगार मंजूर झाल्याचा आहे असे सांगितले, असे कळले.

येथवरची हकीकत कचेरीत नवी नव्हे. पुढची मात्र आमच्या जिव्हारी लागली. महिना लोटला तरी पगार येईना, तेव्हाच बाईंस संशय आला होता. परंतु पुण्यास नोकरीस असलेला मुलगा "तुला कोणी अंगठा द्यायला सांगितले होते?" म्हणून ताडकन बोलेल, या भीतीने त्या दीड वर्ष गप्प राहिल्या. प्रांतांपुढे अपिलाच्या सुनावणीत विलंबाचे कारण विचारले गेले, तेव्हा बाईंनी पदर तोंडाला लावून मुलाकडे बोट केले व "याला भ्याले," एवढेच सांगितले. मुलगा खाली मान घालून उभा होता.

या दीड वर्षाची किंमत काय, ते समजून घ्यावे. फेरफाराची नोंद धरल्यावर तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हितसंबंधितांस नोटीस देतो व पंधरा दिवसांत हरकत घेता येते. त्या अवधीत साध्या कागदावर लेखी हरकत दिली व तिची पोच घेतली, तर नोंद तक्रारी ठरते आणि चौकशीवाचून मंजूर होत नाही. ही मुदत टळली की प्रांतांकडे अपील, त्यास साठ दिवस. त्यापुढे विलंब माफ करावा म्हणून विनवणी. शिवाय पुष्कळांची येथे एक मोठी चूक होते. नोंद रद्द झाली म्हणजे जमीन परत आली, असे ते समजतात. नोंदणीकृत दस्त रद्द करण्याचा अधिकार तलाठ्यास नाही, तहसीलदारासही नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, व तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. त्या बाईंचा दावा आम्ही निवृत्त झालो तेव्हा चालूच होता.

अंगठ्याचे हे दुखणे जुनेच. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे न वाचता केलेल्या सह्यांचाही सल होता. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने, शेतकऱ्याचे खत ग्राम निबंधकासमक्षच लिहिले जावे, असे ठरविले. आजही दुय्यम निबंधक दस्त करून देणाऱ्यास तो मान्य आहे काय, असे विचारतात. पण कचेरीत गर्दी, म्हाताऱ्या माणसास ऐकू कमी, आणि शेजारी उभा असलेला लाभार्थी "हो म्हण" म्हणून कोपर ढोसतो! तेव्हा दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणवावा व ज्यास त्यातून कवडीचाही लाभ नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. लाभार्थी याने चिडला, तर तेवढ्यावरून ओळखावे.

जे वडील राजीखुशीने मुलाच्या नावे बक्षीसपत्र करतात, त्यांनी सांभाळण्याची अट दस्तातच लिहवून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे कलम २३ असे की, अशी अट मोडल्यास हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून ते रद्द ठरविता येते. आपल्या राज्यात हा अर्ज प्रांतांकडे चालतो. अट लिहिलेली नसेल तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली व पुन्हा २०२५ च्या जानेवारीत खल झाला. एक ओळ लिहून तो खल टाळता येत असेल तर का टाळू नये?

परगावी असलेल्या मुलांनी 'आपली चावडी' या संकेतस्थळावर आपल्या गावच्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा पाहत जावे. ते पुण्या-मुंबईत बसूनही होते. अंकीय सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. दर दिवाळीस वडिलांसमक्ष तो काढून त्यांस वाचून दाखवावा.

आता आमची स्वतःची फजिती. मुदतीचे एवढे माहात्म्य सांगणारे आम्ही, गेल्या नोव्हेंबरात आम्हांस फोन आला की, कोषागारातून बोलतो, हयातीचा दाखला पोहोचला नाही, निवृत्तिवेतन थांबेल. घाबरून आलेला ओटीपी सांगितला व अठरा हजार रुपये गेले. हे ध्यानात येता क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावयाचे असते, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वीच तो अडविता येतो. ते आम्हांस ठाऊक होते. तरी घरात हसे होईल म्हणून रात्रभर कोणास बोललो नाही. सकाळी तक्रार नोंदविली. रक्कम तोवर पुढे निघून गेली होती.

नंतर मात्र ही हकीकत आम्ही घरात, भावकीत व पारावरही सांगितली. महिन्याभरात आमच्या थोरल्या बंधूंस फोन आला की, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवू नका, कोणास सांगू नका. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. बंधूंनी फोन ठेवला आणि सरळ आमच्या ओसरीवर येऊन बसले.