सभेत मत नसलेली माणसे

व्यवसायातील नीतिमत्तेचा विषय निघाला, की मला राहाता तालुक्यातले प्रवरानगर आठवते. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तिथे शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालय आले. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्चावेत, हा कायदा अमलात आला २०१४ मध्ये!

पण शाळा बांधली म्हणजे जबाबदारी संपली, असे मला वाटत नाही. कुठल्याही साखर कारखान्याचे पहिले कर्तव्य वजनकाट्यावर असते. माप चोख हवे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. देणगी हे औदार्य. देणे मात्र देणेच.

आणि ऊस तोडणाऱ्याचे काय? सभासद शेतकरी वार्षिक सभेत उभा राहून संचालकांना जाब विचारू शकतो. बीड-पाथर्डीकडून मुकादमाची उचल घेऊन तोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याला सभेत मत नाही. त्यांचे मूल हंगामात शाळेत जाते की उसाच्या फडात, हे कुठल्या ताळेबंदात दिसते?

जाब विचारणाऱ्याशी आपण नीट वागतोच. विचारू न शकणाऱ्याशी कसे वागतो, ते महत्त्वाचे. असा एखादा ‘कोयता’ आपल्या दुकानात, कचेरीत, घरातही असतो. त्याची मजुरी वेळेवर पोचते ना?