शब्द तोंडाचे, सूर बोटांचे

कीबोर्डवरचा व्होकोडर पहिल्यांदा वापरणारा माणूस माइकसमोर हमखास गायला लागतो, आणि तेही अगदी सुरात. त्याची गरज नसते. माइकमधून व्होकोडर फक्त उच्चार घेतो. सूर येतो तो बोटांखालच्या पट्ट्यांमधून. एका हाताने सा-ग-प धरा आणि सपाट आवाजात नुसतं बोला, तुमचेच शब्द तीन सुरांत ऐकू येतील. पट्टी न दाबता कितीही बोललात तरी यंत्र गप्प.

आपण बोलतो तेव्हा स्वरतंतूंतून एक भरीव गुणगुण निघते. जीभ, ओठ, टाळू तिला घडवतात. एकाच सुरावर ‘आ’ म्हणता म्हणता ‘ई’ म्हणून पाहा. सूर हलत नाही, पण तोंडातली पोकळी बदलते आणि त्या नादातली काही कंपनं वर येतात, काही दबतात. व्होकोडर नेमकं एवढंच टिपतो. माइकमधला आवाज फिल्टरांच्या रांगेतून जातो, प्रत्येक फिल्टर कंप्रतेचा एक टप्पा वेगळा काढतो आणि त्या टप्प्यात या क्षणी किती जोर आहे, ते मोजतो. सिंथेसायझरचा नाद तशाच दुसऱ्या रांगेतून जात असतो. मोजलेल्या जोराप्रमाणे तिथला प्रत्येक टप्पा कमी-जास्त होतो. म्हणजे स्वरतंतूंचं काम सिंथेसायझर करतो, तोंड तुमचंच राहतं.

ही कल्पना संगीतातून आलेली नाही. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होमर डडली १९२८पासून टेलिफोनच्या प्रश्नावर काम करत होते: आवाज पूर्ण न पाठवता त्याची मोजमापं पाठवायची आणि पलीकडे तो पुन्हा उभा करायचा, म्हणजे तारेवरची जागा वाचेल. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर ‘सिगसॅली’ ही गुप्त संभाषणाची यंत्रणा उभी राहिली. १९४३मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन तिने जोडले गेले. तिच्या एकेका केंद्राचं वजन सुमारे ५० टन होतं. संगीतात हे तंत्र रुजवलं वेंडी कार्लोस आणि रॉबर्ट मूग यांनी. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) या चित्रपटात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतलं गायन कार्लोस यांनी व्होकोडरमधून ऐकवलं.

वादकाने मात्र डडलींच्या दुसऱ्या यंत्राकडे बघावं, असं मला वाटतं. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘व्होडर’ मांडला होता. त्याला माइक नव्हता. खास शिकवून तयार केलेल्या तरुणी पट्ट्या दाबून त्याच्याकडून इंग्रजी वाक्यं बोलवून घेत. सुराची चढउतार पायाखालच्या पेडलवर होती, आणि मनगटाखाली एक दांडी होती. तिने गुणगुण आणि फुसकारा यांच्यात अदलाबदल करता येई. ‘आ’, ‘म’, ‘ल’ यांना गुणगुण लागते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांना निव्वळ हवेचा फुसकारा.

आज घरोघरच्या व्होकोडरवर शब्द कळत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा हा हरवलेला फुसकारा असतो. लोक बासरीसारखा गुळगुळीत पॅच निवडतात. त्यात वरच्या कंप्रता जवळजवळ नसतातच, मग ‘स’ला आकार द्यायला फिल्टरपाशी उरतं काय? सॉटूथसारखा करकरीत नाद घ्यावा आणि त्यात थोडा नॉइज मिसळावा. काही कीबोर्डांत माइकमधले वरचे आवाज थेट पुढे सोडायची सोय असते. २००२मध्ये आलेल्या मायक्रोकॉर्गमध्ये, ज्याच्यावर लवचिक दांडीचा छोटा माइक बसवता येतो, ती ‘एचपीएफ लेव्हल’ या नावाने सापडते. तिचं मूल्य थोडं वाढवलं की शब्द एकदम स्वच्छ होतात.

मराठीला याची गरज अधिकच. ‘काट’ आणि ‘खाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला फरक श्वासाच्या एका झोतावर उभा आहे. तो झोत यंत्रात विरला, तर ओळीचा अर्थ जातो. म्हणून व्यंजनं नेहमीपेक्षा ठासून म्हणावीत, माइक ओठांच्या जवळ पण किंचित बाजूला धरावा, आणि खोलीतला पंखा बंद करावा, कारण पंख्याची घरघरसुद्धा फिल्टर इमानाने मोजतात.

व्होकोडर आणि ऑटोट्यून यांची गल्लत सर्रास होते. शेरच्या ‘बिलीव्ह’ (१९९८) या गाण्यातला आवाज ऑटोट्यूनचा आहे: तिथे गायिकेचाच सूर खेचून जागेवर बसवला आहे. व्होकोडरमध्ये गायकाच्या सुराचा मागमूसही राहत नाही. म्हणूनच ज्याला गाता येत नाही पण पेटी चांगली वाजवता येते, त्याला हे वाद्य खुलं आहे.

वाजवताना सुरांची गर्दी खालच्या सप्तकात करू नये, तिथे शब्द गढूळ होतात. मधल्या सप्तकात दोन-तीन सूर पुरतात. आणि पट्टी अक्षराच्या क्षणभर आधी दाबावी. शब्द आणि बोट एकदम पडले, तर पहिलं व्यंजन उमटतं तेव्हा खालचा नाद अजून पुरता भरलेला नसतो, आणि ‘पाऊस’ म्हणताना ऐकणाऱ्याला ‘आऊस’ एवढंच पोचतं.