उशिरा आलेली खबर काय कामाची?

आकाशवाणीवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकताना मध्येच खरखर होते आणि एखाद्या चेंडूचे वर्णन बुडते. आपण हळहळत बसत नाही. पुढच्या चेंडूला धावसंख्या कळतेच. आता समजा, निवेदक फार शिस्तीचा आहे. प्रत्येक चेंडू तुम्ही ऐकल्याची पोच मिळेपर्यंत तो पुढचे सांगतच नाही. एकही चेंडू चुकणार नाही हे खरे. पण फलंदाज बाद होऊन तंबूत परतला, तरी तुमच्या घरी तो खेळतच असेल!

दोन गावांतून दोघांनी संगणकावर एकच खेळ खेळायचा, तर हाच पेच पडतो. इंटरनेटवरून माहिती लहान लहान पॅकेटांनी जाते. ती नेण्याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. त्यांपैकी टीसीपी हा शिस्तीचा निवेदक. हरवलेले पॅकेट तो पुन्हा पाठवायला लावतो, आणि ते येईपर्यंत मागून आलेली पॅकेटे दाराशी थोपवून धरतो. १९८० साली आलेला यूडीपी मात्र पॅकेट धाडतो आणि विसरतो. बुद्धिबळाला टीसीपी उत्तम. एक खेळी हरवली तर डावच बिघडेल. पण धावत्या खेळाडूची जागा सेकंदाला वीसदा कळवायची असेल, तर हरवलेली जागा पुन्हा मागवून उपयोग काय? तोवर तो पुढे पळालेला असतो. तेथे यूडीपीच हवा.

तरीही प्रोटोकॉल बदलून प्रकाशाचा वेग वाढत नाही. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसते जाऊन येण्यास ७२ मिलिसेकंद हवेत. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात चार चित्रे उलटतात. केबल सरळ रेषेत नसते, म्हणून प्रत्यक्षात उशीर आणखी वाढतो.

जून १९९६ मध्ये अमेरिकेत ‘क्वेक’ हा खेळ आला. इंटरनेटवर तो यूडीपीच वापरी, तरी टेलिफोनच्या मोडेमवरून खेळणारे हैराण झाले. कळ दाबली, की हुकूम सर्व्हरकडे जाई, उत्तर येई, आणि मग कोठे आपला गडी हले. उशीर २०० मिलिसेकंदांच्या आत राहील असे आपण धरून चाललो, हे गृहीतच चुकले, अशी कबुली त्याचा कर्ता जॉन कारमॅक याने त्याच ऑगस्टमध्ये दिली. डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ आला. त्यात खेळणाऱ्याचा संगणक उत्तराची वाट न पाहता, सर्व्हर वापरतो त्याच गतीच्या नियमांनी गड्याला लगेच हलवतो. (होय, गतीची समीकरणे, पाठ करताना तुम्ही कुरकुरता तीच!) उत्तर आले की ताडून पाहतो आणि चूक असेल तर सुधारतो. अंदाज फार चुकला, तर गडी झटक्यात मागे खेचला जातो.

आमच्या दोन विद्यार्थ्यांनी रणगाड्यांचा खेळ लिहिला. प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या संगणकांवर तो लोण्यासारखा चालला. एकाने सुटीत गावाहून मोबाइलवरून जोडणी केली, तर रणगाडा बेडकासारख्या उड्या मारू लागला! मी त्यांना ‘पिंग’ चालवायला सांगितले. १९८३ साली लिहिलेली ही छोटी आज्ञा निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो ते सांगते. प्रयोगशाळेत आकडा १ मिलिसेकंदाच्याही खाली होता. आता ते लिनक्समधील ‘नेटेम’ वापरून, शेजारच्याच संगणकाशी मुद्दाम १५० मिलिसेकंदांचा उशीर लावतात, शंभरातली दोनतीन पॅकेटे हरवू देतात, आणि मगच खेळायला बसतात.