रात्रीची गाडी आणि तिकिटावरची तारीख

डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्तीत एकच बोलणे सुरू होते : यंदा दादरला कोणत्या गाडीने जायचे? ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून चैत्यभूमीची वाट आपल्या माणसांच्या पायाखालची आहे. आपल्या शहरातून मुंबई रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर. एक रात्र गाडीत काढली की सकाळी दादर. या एका रात्रीबद्दलच आज चार शब्द लिहीत आहोत, कारण एकदा ती आम्हाला चांगलीच महागात पडली.

आमच्या वडिलांच्या पिढीला एका गाडीत झोपून मुंबई गाठणे माहीत नव्हते. मनमाडहून येणारी लाईन निजामाच्या काळातली, मीटरगेजची. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरायचे, गाठोडी डोक्यावर घेऊन दुसरी गाडी धरायची. १९९० नंतरच्या वर्षांत रूळ रुंद झाले तेव्हा ही दगदग संपली. दुसऱ्या वर्गात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या असत. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते, त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालायला सुरुवात केली. गरिबाच्या पाठीलाही हाडे असतात, हे ओळखणारा मंत्री विरळाच!

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे पाच जण दादरला निघालो. म्हातारी आई, आम्ही दोघे नवरा-बायको, दोन मुले. स्लीपरची पाच तिकिटे आधीच काढून ठेवलेली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, आईची पांढरी साडी, सगळे पिशवीत व्यवस्थित. ५ तारखेला रात्री साडेअकराला स्टेशनवर पोहोचलो. गाडी बारा वाजून गेल्यावर येणार होती. डब्यावरच्या यादीत आमची नावे नाहीत! तिकीट तपासनीसांना तिकीट दाखवले. त्यांनी पाहिले आणि शांतपणे सांगितले, "साहेब, ही गाडी काल रात्रीच गेली."

तिकिटावर तारीख ५ होती. रात्री बारानंतर तारीख बदलते, आम्हाला ६ ची तिकिटे हवी होती. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांच्या तारखा तपासणारे आम्ही, स्वतःची तारीख चुकलो! मुले तोंडाकडे पाहत होती. पत्नी काही बोलली नाही, तेच जास्त लागले. घरी परत फिरावे असे मनात आले. पण आई म्हणाली, "लेका, मी उभ्यानं येईन, पण माघारी नाही जायची." धावत जाऊन जनरलची तिकिटे काढली आणि गाडी सुटता सुटता आत घुसलो.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी, पॅसेजमध्ये, वर सामानाच्या फळीवरही माणसे. तेवढ्यात एका बाकावरून आवाज आला, "माय, इकडं या." चौघांच्या बाकावर आधीच सहा जण होते. ते आणखी सरकले आणि आई बसली. मुलांना कुणी मांडीवर घेतले, कुणी पायाशी चादर अंथरून दिली. मनमाडच्या पुढे आमचे पाणी संपले, तेव्हा शेजारच्या बाईंनी मागायच्या आधीच कॅन पुढे केला. तुम्ही कोण, कुठले, हे नंतर विचारले.

मुलगी पाणी प्याली तेव्हा आम्हाला मसूर स्टेशन आठवले. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला रेल्वेने निघाले आणि मसूरला उतरले. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळाली, पण गाडी मुलांनाच हाकावी लागली. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही. ती रात्र त्या लेकरांनी तहानेने काढली. आमची मुलगी त्या रात्री उभी होती, दमली होती, पण तहानलेली नव्हती. हा फरक आपोआप पडला आहे काय? हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे.

त्या रात्रीपासून आम्ही वस्तीतल्या प्रत्येकाचे तिकीट स्वतः वाचून पाहतो. वाचकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडी रात्री बारानंतरची असेल तर पुढची तारीख टाकावी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, तेव्हा ६ डिसेंबरसाठी ऑक्टोबरातच जागे व्हावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, बर्थ नको असेल तर अर्धे. तिकीट काढताना म्हाताऱ्या माणसांचे वय बरोबर लिहावे, शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा असतो. प्रवासात अडचण आली तर १३९ ला फोन करावा.

आणखी एक सांगणे. बिनतिकीट जाऊ नये आणि दुसऱ्याच्या बर्थवर हक्क सांगू नये. बाबासाहेबांना अभिवादन करायला जाणाऱ्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये. पण आपल्याकडे बर्थ असेल आणि समोर लेकरू घेऊन बाई उभी असेल, तर पाय आखडून घ्यायला कुठल्या नियमाची गरज आहे?

आता आम्ही दरवर्षी बर्थ घेऊन जातो. आई खालच्या बर्थवर असते, पण पाय पसरून कधी झोपत नाही. पायाशी हातभर जागा मोकळी ठेवते. विचारले तर म्हणते, "कुणी आलं तर?"