रिफंडवर टॅक्स लागतो का?

आजचा प्रश्न बोईसरहून व्हॉइस नोटवर आलाय. ही ताई तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत होती. डिसेंबर २०२४ मध्ये काम सुटलं. तोवर पगारातून १८,००० रुपये टीडीएस कापला गेला होता. नव्या करप्रणालीत वर्षाचा हिशेब केला तर टॅक्स शून्य! जुलैत रिटर्न भरलं, ऑगस्ट २०२५ मध्ये खात्यात १८,४५० रुपये आले. आता तिचा अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, "रिफंड पुढच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, नाहीतर अडकशील."

मावसभाऊ चुकीचा नाही, पण तो तिकडचा नियम सांगतोय. न्यू जर्सीसारख्या राज्यांत राज्याचा इन्कम टॅक्स वेगळा आणि केंद्राचा, म्हणजे फेडरल, वेगळा. फेडरल रिटर्नमध्ये एकेक खर्च मांडून वजावट घेतली, तर राज्याला भरलेला टॅक्सही ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात धरता येतो. नंतर राज्याने त्यातले पैसे परत केले, तर आधी जेवढा फायदा घेतला तेवढी रक्कम उत्पन्नात धरतात. स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल, तर तो रिफंड उत्पन्न नाही.

म्हणजे प्रश्न एकच: या पैशावर आधी सूट घेतली होती का?

आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्र सरकार घेतं. पगाराच्या स्लिपवर 'पी.टी.' दिसतो तो राज्याचा व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. तो वेगळा, टीडीएस वेगळा. आणि भरलेला इन्कम टॅक्स आपल्याला उत्पन्नातून वजाच करता येत नाही. सूट घेतलीच नाही, तर परत आलेले १८,००० उत्पन्न कसे होतील? ते ताईचेच पैसे.

मग वरचे ४५०? ते व्याज. १९६१ च्या कायद्याच्या कलम २४४अ प्रमाणे रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का मिळतो. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर १ एप्रिलपासून. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, अडीच टक्के, झाले ४५०. उशिरा भरलं, तर मोजणी भरल्याच्या तारखेपासून. रिफंड एकूण टॅक्सच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर व्याजच नाही.

हे व्याज मात्र उत्पन्न आहे, आणि ज्या वर्षी हातात आलं त्या वर्षाचं. म्हणून ते २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये 'इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस' खाली, रिफंडवरचं व्याज म्हणून दाखवायचं. बचत खात्याच्या व्याजाची ८०टीटीए सूट याला लागत नाही. टॅक्स शून्यच येणार असला, तरी आकडा लिहायचा.

बँकेत दोन्ही रक्कम एकत्र येते, म्हणून गोंधळ होतो. पोर्टलवर १४३(१) ची इंटिमेशन उघडा, तिथे व्याज वेगळं दिसेल. एआयएसमध्येही बघा. तिथला आकडा तुमच्या रिटर्नमध्ये नसला, तर विचारणा होऊ शकते. उलट अख्खे १८,४५० उत्पन्नात टाकले, तर आपल्याच पैशावर टॅक्स भरायची पाळी येऊ शकते!

आणि हो, 'रिफंड मंजूर, इथे क्लिक करा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. पोर्टलवर स्वतः लॉगिन करूनच बघा.

ताई, १८,००० निवांत वापर. लिहायचे फक्त ४५०. भेटू पुढच्या भागात!